विंडोज ७ वाला डीटीपीचा पीसी अजून काही वर्षं ओढायचाय, अपडेट कसे घ्यायचे?

प्रेसवाला_बार्शी
नमस्कार मंडळी. आमचं छोटं ऑफसेट आणि डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं असलं काम. डिझाइनचा पीसी विंडोज ७ वर, ३२ बिट, ४ जीबी रॅम. त्यावर पेजमेकर ७, जुनं कोरल आणि डोंगलवालं (किल्लीसारखं छोटं यंत्र पीसीला लावलं तरच चालणारं) मराठी फॉन्टचं पॅकेज. हार्डडिस्क कुरकुर करायला लागली म्हणून एसएसडी टाकून सीडीवरून विंडोज परत टाकलं तर आता अपडेट चालूच होईना, चेक फॉर अपडेट्स केलं की ८००७२ईएफई एरर. इंटरनेट एक्सप्लोररमधे निम्म्या साइट उघडत नाहीत, क्रोम उतरवायला गेलो तर तेही पान उघडत नाही. पोरगा म्हणतो फेकून द्या आणि विंडोज ११ घ्या. अहो पण १५ वर्षांच्या फाइली आहेत, गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं थोरलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची करा, मग ती फाइल उघडायला नको का? तर यावर अपडेट मिळायचे पूर्णच बंद झालेत का काही मार्ग आहे?

खटपट्या
काका तुमच्या नेटचा काही दोष नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मधे अपडेटवरची डिजिटल सही शा-१ या जुन्या पद्धतीवरून शा-२ या नव्या पद्धतीवर नेली आणि पुढे जुन्या पद्धतीची सोयच काढून टाकली. तुमच्या सीडीतलं विंडोज त्याच्या कितीतरी आधीचं, त्यामुळे त्याचं आणि सर्व्हरचं जमतच नाही.

आधी कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा अपडेटचा मोठा गठ्ठा) दिसतंय का बघा. नसेल तर ते आधी, त्याशिवाय पुढचं काहीच बसत नाही. मग पोराच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग उघडा आणि तिथून केबी ४४९०६२८, केबी ४४७४४१९ आणि केबी ३१३८६१२ या नंबरांचे तीन अपडेट उतरवा, तुमचं ३२ बिट म्हणजे एक्स८६ लिहिलेली फाइल घ्यायची, एक्स६४ वाली नाही. पेनड्राइव्हवरून याच क्रमाने टाका, मधे रिस्टार्ट मागेल तिथे द्या. पहिलं अपडेट बसवणारी यंत्रणाच नवी करतं, दुसऱ्याने शा-२ ची सही ओळखता येते, तिसरं अपडेटचा क्लायंट आहे. त्यानंतर चेक केलं की यादी यायला लागते. पहिल्यांदा शोधायला प्रचंड वेळ घेतं, टास्क मॅनेजरमधे एसव्हीसीहोस्ट प्रोसेसर खात बसलेला दिसेल, हँग झालं समजून बंद करू नका, दुकान बंद करताना लावून घरी जा सरळ.

मिळतील ते १४ जानेवारी २०२० पर्यंतचे. त्यानंतरचे कंपन्यांना पैसे भरून मिळायचे, तेही जानेवारी २०२३ ला आटोपलं. आणि हो, घड्याळ बघितलं का? मदरबोर्डवरचा घड्याळ चालू ठेवणारा सीमॉसचा सेल गेला असेल तर तारीख मागे जाते आणि मग कुठलीच सुरक्षित साइट उघडत नाही. सीआर२०३२ सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

नाना_हार्डवेअर
वरचं बरोबर आहे, ब्राउझरचं मी सांगतो. सीडीबरोबर आलेला एक्सप्लोरर ८ आहे, त्यात टीएलएस १.२ (साइटशी सुरक्षित बोलायची पद्धत) असतं पण बंद असतं, इंटरनेट ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, अगदी तळाला टिक आहे. त्याने थोड्या साइट उघडतील, सगळ्या नाही. क्रोमचं ७ साठी शेवटचं व्हर्जन १०९, जानेवारी २०२३ चं, त्याच्या मागे लागू नका. फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) घ्या, मोझिलाने त्याची मुदत बरेचदा वाढवली आणि मुख्य म्हणजे तो साइट खरी आहे का हे ताडायच्या सर्टिफिकेटची यादी स्वतःबरोबर घेऊन येतो, विंडोजच्या जुन्या यादीवर त्याचं काही अडत नाही.

आता एसएसडी टाकलाच आहे तर बायोसमधे (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमधे) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बघा. जुन्या बोर्डांना आयडीई असतो, एएचसीआय पाहिजे, पण डायरेक्ट बदललात तर निळा पडदा येणार, ०x७बी. आधी रजिस्ट्रीत एमएसएएचसीआयच्या सर्व्हिसमधे स्टार्टची किंमत ० करायची, मग बंद करून बायोसमधे बदल.

सगळं बसलं, डोंगल चाललं, प्रिंटरवर ट्रेसिंगची प्रिंट नीट आली की त्याच दिवशी क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पुढच्या वेळी हा सगळा उपद्व्याप नको. आणि याच पिढीचा एखादा जुना मदरबोर्ड भंगारात मिळाला तर घेऊन ठेवा. नव्या बोर्डवर ७ टाकायला गेलं की सीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नसतो, इन्स्टॉलच्या पहिल्या स्क्रीनवर माउस, कीबोर्ड दोन्ही मेलेले.

मीनल_के
एवढी खटपट करून त्यावर परत फायरफॉक्स कशाला? माझं मत वेगळं आहे, त्या पीसीची नेटची वायरच काढा. अपडेट घ्या शेवटपर्यंत, नाना म्हणतात तशी इमेज काढा, आणि मग वायर काढायची. मे २०१७ मधे वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस आलं तेव्हा बहुतेक बळी विंडोज ७ चेच होते, आणि ते रोखणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमधेच आलेला होता, लोकांनी टाकला नव्हता! आता तर नवीन भोक सापडलं तर पॅच येणारच नाही. बँक, जीएसटी, मेल सगळं पोराच्या लॅपटॉपवर.

प्रेसवाला_बार्शी
ताई पटतंय, पण गिऱ्हाईक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतं आणि बाकीचे पेनड्राइव्ह घेऊन येतात, ते त्या पीसीवर न्यायचं कसं? लॅपटॉपला नेटवर्क शेअर करून ठेवू का?

खटपट्या, तीनही बसले, एरर गेला. यादीत शंभरावर अपडेट दाखवतंय, रात्री लावून जातो.

मीनल_के
शेअर केलंत तर वायर काढून काय उपयोग काका, वॉनाक्राय शेअरच्या वाटेनेच पसरलं होतं. करायचंच असेल तर दोघांना थेट जोडणारी वेगळी वायर टाका, मधे राउटर नको, आणि ७ वर एसएमबी १ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) बंद करा, ७ ला एसएमबी २ येतं, काही अडणार नाही. पण त्यापेक्षा दुकानाचा स्वतःचा एकच पेनड्राइव्ह ठेवा. गिऱ्हाइकाचा लॅपटॉपला लावायचा, स्कॅन करायचा, हवा तेवढा फोटो आपल्या पेनड्राइव्हवर घ्यायचा. शॉर्टकट व्हायरस आठवतोय ना, फोल्डर गायब आणि सगळीकडे बाणवाले आयकॉन.

अजून एक, नवीन कामं तरी युनिकोडमधे (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) सुरू करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे पेस्ट केला की नुसती अगम्य अक्षरं येतात.

प्रेसवाला_बार्शी
युनिकोडचं पोरगं पण म्हणतं, पण पेजमेकरमधे ते चालत नाही आणि पत्रिकेचे ते वळणदार फॉन्ट आमच्याकडे जुन्यातच आहेत. पावतीपुस्तकांपासून बघतो सुरू करून.

नाना_हार्डवेअर
एक राहिलं. टेलिग्रामवर वगैरे २०२३ पर्यंतचे सगळे अपडेट एकाच फाइलमधे म्हणून कुणी देईल, घेऊ नका, आत काय भरलंय कोण बघणार. आणि डोंगल पुढच्या पोर्टला लावू नका, येताजाता गुडघा लागतो. मागे लावा.