टर्नर यांचं म्हणणं मुंबईने सोडलं, ही चूक झाली का?

गिलावा: जॉन टर्नर हे ब्रिटिश वास्तुविशारद १९५७ मध्ये पेरूला गेले. आठ वर्षं तिथल्या वस्त्यांमध्ये काम केलं, मग अमेरिकेतल्या एमआयटीत आणि लंडनला शिकवलं. साऱ्या कारकिर्दीत प्रश्न एकच: घर माणसाच्या किती उपयोगी पडतं? मेक्सिकोतली दोन कुटुंबं त्यांनी जवळून पाहिली. एक गाड्या रंगवणाऱ्याचं, खोपटात राहणारं, पण घरखर्च जवळजवळ नाहीच. दुसरं गवंड्याचं, पक्क्या सरकारी घरात; हप्ते आणि वीज-पाण्यातच निम्म्याहून जास्त मिळकत जायची. टर्नर यांच्या मते आधार खोपटाचा होता, जाच पक्क्या घराचा. म्हणून घराचा निर्णय राहणाऱ्याकडेच हवा, असं ते म्हणत.
त्याच धर्तीवर १९८५ च्या जागतिक बँक प्रकल्पात आपण मुंबईत चारकोप, गोराई, मालवणीला भूखंड दिले. लोकांनी ऐपतीप्रमाणे मजले चढवले. १९९५ नंतर मात्र झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेच्या टॉवरमागे लागलो; त्यात बिल्डर झोपडीवाल्यांना फुकट घरं देतो आणि वरची घरं बाजारात विकतो. ही चूकच, असं माझं ठाम मत आहे.

चारकोपची: मी तिथेच वाढले. आमचा प्लॉट २५ चौरस मीटरचा. बाबा रात्रपाळी करून आले की रेती चाळायला बसायचे, आई डोक्यावरून विटा वाहायची. दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. आईची कंबर तेव्हा जी धरली ती आजतागायत. रॉड बर्जेस या अभ्यासकाने १९७८ मध्ये टर्नर यांच्यावर हाच आक्षेप घेतला होता. गरिबाने कामावर राबायचं आणि वर घरासाठीही फुकट राबायचं, म्हणजे सरकारही सुटलं आणि मालकही.

गिलावा: ताई, स्वतःच्या हातांनीच बांधा असा टर्नर यांचा आग्रह नव्हता. निर्णय राहणाऱ्याचा हवा, एवढंच ते सांगत होते.

चारकोपची: गवंड्याला द्यायला पैसे नव्हते हो. त्यात निर्णय कसला घेणार?

सातबारा: जमिनीचं कोणीच बोलत नाही. पेरूच्या राजधानीभोवती, लिमाभोवती, ओसाड वाळवंट पडलं होतं. धारावीतल्या माणसाला भूखंड कुठे देणार? लांब दिला तर त्याचं काम सुटतं. इथे उंच बांधण्यावाचून इलाज नाही.

गिलावा: त्याच प्रकल्पात दुसराही भाग होता. वस्ती हलवायची नाही, जमीन रहिवाशांच्या सोसायटीला भाडेपट्ट्याने द्यायची, सुधारणेला कर्ज द्यायचं. तो का गुंडाळला? बिल्डरला त्यात विकायला काही उरत नाही, म्हणून.

सातबारा: बिल्डर नको म्हणता, मग खर्च कोण करणार? पालिका? आमच्या गल्लीतलं गटार तीन वर्षं उघडं आहे.

चारकोपची: एक मात्र कबूल करते. आज आमच्या तळमजल्यावर भावाचं दुकान आहे, वर आम्ही राहतो. मावशी झोपुच्या सातव्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद पडली तेव्हा महिनाभर खाली उतरली नाही. घर मला आमचंच हवं. पण पुन्हा असे प्लॉट देणार असाल, तर जोत्याबरोबर सिमेंट आणि गवंड्याची मजुरीही द्या.