पत्रे बदलायचेत, कोणते घालू? कारागीर कसा निवडू? (ऐरोली)

ऐरोली_से८
बैठ्या घराचे सिमेंटचे पत्रे गेल्या पावसात तीन ठिकाणी गळले. ओट्यावर पातेली मांडून भाजी चिरायची वेळ आली, सासूबाई ओल्या फरशीवरून घसरल्या. दोघांनी भाव दिलेत, एकाने रंगीत लोखंडी पत्र्याचा, दुसऱ्याने दीडपट दराने यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा पत्रा). मृगाच्या आत काम व्हायलाच हवं. कोणता घालू, पटकन सांगा. खात्रीचा कारागीर असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

पन्हळ
ढाळ किती? लांबी किती? गळतं कुठे, जोडावर की स्क्रूपाशी?

निवांत७०
यूपीव्हीसीच घ्या. आमच्याकडे पाच पावसाळे झाले, गंज नाही, आवाजही कमी.

कळवेकर
पत्र्यांचा नादच सोडा. स्लॅब टाका, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर).

ऐरोली_से८
स्लॅब नको, भिंती जुन्या आहेत. ढाळ थोडासाच आहे. पत्रा कोणता, एवढंच सांगा ना!

पन्हळ
ताई, थोडासा म्हणजे किती? दोरी ताणून मोजा.

ऐरोली_से८
ह्यांनी मोजलं. २० फुटांत १ फूट. मध्ये जोड आहे, तिथेच गळतं.

पन्हळ
म्हणजे जेमतेम ३ अंश. एवढ्या ढाळावर वाऱ्याचा पाऊस जोडातून उलटा आत शिरतो. पत्रा कुठलाही घाला, पुन्हा गळेल. उंच बाजू आणखी फूटभर उचला, म्हणजे १० ला १ होईल. अखंड पत्रा घ्या, मध्ये जोड नको. रंगीत पत्राच घ्या, पण गॅल्व्हल्यूमचा (जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं लोखंड), ०.५ मिमी, ही जाडी रंगासकट की नुसत्या लोखंडाची ते बिलावर लिहून घ्या, फसवतात ते तिथेच. स्क्रू पत्र्याच्या उंच नळीच्या माथ्यावर, ईपीडीएम (रबरी) वॉशरसकट.

निवांत७०
ऐरोली खाडीला लागून आहे. लोखंड टिकेल का तिथे?

पन्हळ
आधी स्क्रू गंजतात, पत्रा नंतर. स्क्रू चांगले घ्या. यूपीव्हीसी उन्हात वाढतं, भोक मोठं ठेवलं नाही तर स्क्रूपाशी तडकतं. तुमचं काम करणाऱ्याने ते केलं असेल, सगळे करत नाहीत.

माहेर_ठाणे
जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील. हातोड्याने फोडू देऊ नका, ती धूळ फुप्फुसात बसते. पाणी मारून अख्खे उतरवा. लहान मुलं घरात असतील तर त्या दिवशी बाहेर पाठवा.

दिघा_नाका
उंची वाढवताय तर आधी पालिकेत विचारा. आमच्या शेजाऱ्यांना नोटीस आली होती.

कळवेकर
कोबा केला असता तर हे काहीच नको.

पन्हळ
जुन्या भिंतींवर कोब्याचं वजन? नको.

ऐरोली_से८
आता कळलं. यूपीव्हीसीवाला शिडी न लावता खालूनच भाव देऊन गेला, त्याला नाही म्हणते. पत्रेवाला वर चढला होता, पण २१ फुटी पत्रा गल्लीत वळत नाही म्हणतो. दोन तुकडे चालतील?

पन्हळ
नाही. टेम्पो कोपऱ्यावर उभा करा, चार माणसं पत्रा खांद्यावरून आणतील. मजुरी आधी ठरवून घ्या.