'रेनेसाँस'ला प्रबोधन म्हणायचं की पुनरुज्जीवन?

नीलाक्षी: पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीची कला आणि विद्या आजही लोकांना का भावते, यावरचा एक लेख मराठीत आणतेय. मी सगळीकडे 'प्रबोधनकाळ' लिहिलं. संपादकांनी खोडून 'पुनरुज्जीवन' केलं. प्रबोधन म्हणजे अठराव्या शतकातलं, फ्रेंच विचारवंत व्होल्तेरचं, असं त्यांचं म्हणणं. शाळेत आपण 'प्रबोधनयुग'च शिकलो ना?

पंतोजी: संपादक बरोबर आहेत. वासारी या इटालियन चित्रकाराने १५५० साली कलावंतांची चरित्रं छापली, त्यात 'रिनाशिता' शब्द आहे. रिनाशिता म्हणजे पुनर्जन्म. प्रबोधन म्हणजे लोकांना जागं करणं. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं १९२१ चं 'प्रबोधन' पाक्षिक त्याच अर्थाचं.

टाकबोरू: पुनरुज्जीवन म्हटलं की जुनंच परत उठवल्यासारखं वाटतं. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट बघा. रोमच्या पँथिऑनचा, म्हणजे प्राचीन रोमन मंदिराचा, घुमट काँक्रीटचा. फ्लॉरेन्सला वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये मुख्यतः विटांत काम केलं, तेही जमिनीपासून लाकडी आधार न उभारता. आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्या, म्हणून चुना ओला असतानाही आत कललेला थर घसरला नाही. हे रोमनांनी कुठे केलं होतं? लोक अजून मान वर करून बघतात ते यासाठी.

ओवी: आणि प्रबोध म्हणजे आधी स्वतः जागं होणं. प्रबोधिनी एकादशीला देव स्वतःच उठतो की! माझं मत प्रबोधनाला.

नीलाक्षी: अजून एक. लेखात लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'ला फ्रेस्को म्हटलंय. मी भित्तिचित्र केलं. चालेल?

टाकबोरू: तेच बरोबर. फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर करतात. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, मग चुन्याबरोबर रंगही भिंतीत पक्का होतो. लिओनार्दोला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवायचा होता, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. थोड्याच वर्षांत पोपडे सुटायला लागले.

पंतोजी: गिलावा कशाला? 'लेप' म्हणा.

ओवी: आमच्या घरात गवंडीकाम होतं. 'लेप' कुणाच्या तोंडी ऐकला नाही. फारसीत 'गिल' म्हणजे माती. हाताला चिकटलेला शब्द आहे तो.

पंतोजी: कुठला शब्द कुठल्या काळचा, हे बघावंच लागतं. त्या काळच्या विद्येचं मोठेपण त्यातच आहे. पोपला कॉन्स्टन्टाइनने चौथ्या शतकात दिलेली म्हणून मिरवली जाणारी सनद लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडिताने १४४० मध्ये भाषेवरूनही खोटी ठरवली. रोमन सम्राटाच्या कागदात 'क्षत्रप', म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले, असं विचारलं त्याने!

टाकबोरू: क्षत्रप मूळचा जुन्या फारसीतलाच. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाच्या नावाआधी कोरलेला आहे. तो चालतो, मग गिलावा का नको?

पंतोजी: तो संस्कृतात रुळला. गिलाव्याचं तसं नाही.

ओवी: मराठीत रुळला, तेवढं पुरे नाही का?