मदत हवी आहे : भाची तिसऱ्या बोयावर अडकली

राजेहो, प्रश्न जरा आडवळणाचा आहे. मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला निवृत्त पीटी मास्तर, आयुष्य खो-खो शिकवण्यात गेलं. भाची फ्लोरिडात, वय 15, वॉटर स्कीइंगमधलं स्लॅलम खेळते. बोटीमागची दोरी धरून पाण्यावर तरंगणाऱ्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा. सहाही जमले की पुढच्या फेरीला दोरी आखूड. बोये बोटीच्या मधल्या रेषेपासून 11.5 मीटरवर, म्हणजे दोरी जितकी आखूड तितकं अंग जास्त ताणायचं.

उन्हाळ्यात तिनं ताशी 55 किलोमीटर वेगाला 14.25 मीटरची दोरी पार केली. 13 मीटरला तिसऱ्याच बोयावर पडू लागली. आता तर 14.25 सुद्धा जमेना. फोनवर रडते, पोरगी रडकी नाही हो.

व्हिडिओ पाहिले. पहिल्याच बोयाला उशीर होतो, मग पुढं नुसती घाई, हातानं ओढते अन् कंबर मागं राहते. तिचे वडील, म्हणजे आमचे जावई, काठावरून मोठ्यानं बोये मोजतात, ते मला खटकतं.

खो-खोत पोल मारताना, म्हणजे खांबाकडं झेप घेताना, चुकणाऱ्या पोराला मी आठवडाभर पोलकडं जाऊच देत नसे. इथंही दोरी 16 मीटरला नेऊन, वेग उतरवून, मोजणं बंद करावं का? की त्यानं उलट मन खचेल? कोणी पोहणारी, तिरंदाजीची पोरं अशातून बाहेर काढली असतील तर किती दिवस लागले ते सांगा. दिवाळीत ती आठ दिवस गावी येतेय. पाण्याविना तिच्याकडून काय करून घेऊ? अन् जावयाला कसं सांगू?