घर 'पूर्ण' कधी? मूल्यांकन, आकारणी आणि भोगवटा

प्रश्न : पालिका हद्दीत भावाने बंगला बांधलाय. खाली राहायला आलेत, वरच्या मजल्याची फरशी आणि बाहेरचा रंग बाकी आहे. पालिकेचा माणूस मापं घेऊन गेला, "आकारणी होणार" म्हणाला. बँकेचा व्हॅल्युअर म्हणतो, घर अपूर्ण आहे. मूल्यांकन आणि आकारणी एकच ना?

उत्तर : नाही ताई, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मूल्यांकन म्हणजे आजच्या घडीला वास्तूची किंमत काय, ते ठरवणं. त्याला घर पूर्ण असण्याची अट नाही. जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा असा टप्पा पाहून व्हॅल्युअर अहवाल देतो आणि बँक त्या मानाने कर्जाचा हप्ता सोडते. शेवटच्या हप्त्याला मात्र तो फरशी, नळ, दारं-खिडक्या सगळं बघणार.

आकारणी करासाठी असते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या करआकारणी नियमांत मालकाने नव्या इमारतीची खबर 15 दिवसांत द्यायची आहे. हे दिवस बांधकाम पूर्ण झाल्यापासून किंवा वापर सुरू झाल्यापासून, जे आधी घडेल तिथून मोजायचे. हा 'किंवा' मला फार महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर एक भिंत बिनगिलाव्याची ठेवून लोकांनी वर्षानुवर्षं कर टाळला असता. तुमच्या भावाकडे खालच्या मजल्यावर स्वयंपाक सुरू झाला, म्हणजे वापर सुरू झाला.

दुसरं उत्तर : यात 'पूर्णत्वाचा दाखला' आणि 'भोगवटा प्रमाणपत्र' यांचीही गल्लत होते. मंजूर नकाशाप्रमाणे काम झालं, असं वास्तुविशारद लिहून देतो, तो पूर्णत्वाचा दाखला. ते तपासून राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र पालिका देते. काही भागच तयार असेल तर 'भाग भोगवटा' मागता येतो. सातबाऱ्यावरच्या 'भोगवटादार'मुळे शब्द कानावरचा आहे. त्यात प्रत्यक्ष ताबा आणि वहिवाट येते. आणि कृपा करून करपावतीला परवानगी समजू नका. अनधिकृत बांधकामाला याच अधिनियमाच्या कलम 267-अ खाली दंड लागतो, तो भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

तिसरं उत्तर : ग्रामपंचायत हद्दीत घराची आकारणी नमुना 8 मध्ये चढते. तलाठ्याकडचा 8-अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा. घराचा उतारा हवा असेल तर ग्रामसेवकाकडे "नमुना आठ" असं स्पष्ट मागा.