सेफ्टी शूज घालून गिअर नीट पडत नाही, लिव्हर घरीच वर घेता येईल का?

चाकण_पल्सर: पल्सर १५० आहे, मागे ड्रम ब्रेक. कंपनीत सेफ्टी शूज कंपल्सरी, त्यांचं पुढचं टोक एवढं जाड की लिव्हरच्या खाली पाय जातच नाही, टाचेनेच गिअर टाकावे लागतात. एक जण म्हणाला दांडा कापून वेल्डिंग करून घे. करू का?

गॅरेजमित्र: कापू नको भावा, आधी दाते बदलून बघ. लिव्हर गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टच्या दात्यांवर बसलेला असतो. आधी शाफ्ट आणि लिव्हर दोन्हीवर पेंटची खूण कर, मग १० नंबरच्या पान्याने बोल्ट पूर्ण बाहेर काढ, नुसता ढिला करून चालत नाही कारण बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो. लिव्हरच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून जरासा फाकव, लिव्हर हलवत हलवत ओढ. हातोडी अजिबात नको, दणका थेट गिअरबॉक्सला बसतो आणि ऑइल सील गळायला लागतं. मग परत बसवताना खुणेपेक्षा फक्त एक दाता वर. लिव्हर लांब असल्याने एका दात्यानेही पुढचं टोक बरंच उचलतं.

चाकण_पल्सर: आणि टाचेकडची बाजू?

गॅरेजमित्र: तीच तर खरी गोची आहे, दांडा एकसंध असल्याने पुढे वर घेतलं की मागे खाली जातं. मागचं टोक फुटरेस्टला टेकलं तर गिअर अर्धवट पडतो आणि मधेच खोटा न्यूट्रल लागतो (कुठलाच गिअर न लागता गाडी मोकळी राहते), ओव्हरटेक करताना असं झालं तर जिवावर बेतेल. म्हणून गाडी मेन स्टँडवर घे, मागचं चाक हाताने फिरवत पाचही गिअर वर-खाली करून बघ, टोक कुठे घासतंय का ते नीट बघ.

रात्रपाळी: शूजमुळे ब्रेकवरही पाय तिरका पडत असेल ना? पेडलची उंची वेगळ्या बोल्टने सेट होते, पण ती बदललीस की मागच्या रॉडचा नट बघच. पेडलला थोडा मोकळा खेळ राहिलाच पाहिजे, नाहीतर लायनर (ब्रेकचं अस्तर) घासत राहतो आणि ड्रम तापतो. ब्रेक लाइटचा स्विचही परत सेट कर, बॉडी एका हाताने धरून फक्त नट फिरव. संध्याकाळी भिंतीजवळ गाडी लावून पेडल हळूच दाब, ब्रेक लागायच्या आधी लाल उजेड भिंतीवर दिसला पाहिजे.