युझेन कागद लावल्यावर वहीचे पुठ्ठे वाकतात : मदत हवी आहे

नागोयावासी : क्योटोहून आणलेल्या युझेन कागदाने, म्हणजे किमोनोच्या नक्षीच्या जपानी कागदाने, मी वह्या मढवत आहे. पाचपैकी तीन वह्यांचे पुठ्ठे एका रात्रीत होडीसारखे वाकले. वह्या शनिवारी सहकाऱ्यांना द्यायच्या आहेत. कृपया नेमका उपाय सांगावा.

पुठ्ठेवाला : कोणत्या बाजूस वाकले, चिकटवण्यासाठी काय वापरले आणि आतून अस्तराचा कागद लावला का, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

नागोयावासी : नक्षीच्या बाजूस वाकले. पांढरा डिंक पाणी घालून पातळ केला होता. अस्तर शेवटी लावणार आहे.

खळप्रेमी : डिंक टाकून द्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवा, जपानी कारागीरही तीच वापरतात. हाताने रंगवलेल्या कागदाला डिंक लावणे मला तरी अन्यायाचे वाटते.

पुठ्ठेवाला : हाताने कुंचल्याने रंगवतात ते युझेन रेशमी कापड, कागदावर त्या किमोनोंच्या नक्ष्या एकेका रंगाची जाळी ठेवून छापतात. शिवाय खळीत पाणी अधिक असते. ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतून तितकीच ओढ लागेपर्यंत कोणत्याही चिकटीने तो सरळ होणार नाही.

अंबाडी : नक्षी कोणती आहे? आसानोहा, म्हणजे हेम्पच्या पानांची असेल, तर ती वही बाळ झालेल्या सहकाऱ्याला द्यावी. हे झाड झपाट्याने सरळ वाढते, म्हणून जपानमध्ये तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर ही नक्षी काढत. (होय, झाड भांगेच्याच कुळातले आहे.)

नागोयावासी : दोन वह्यांवर आसानोहा आणि तिसरीवर यागासुरी, म्हणजे बाणाच्या पिसांची नक्षी आहे, परंतु माझा प्रश्न पुठ्ठ्यांचा होता.

पाटोळा : यागासुरी मूळची विणकामातली आहे. आपल्या पाटोळ्याप्रमाणे सूत आधी जागोजागी बांधून रंगवतात, त्यामुळे पिसांच्या कडा किंचित पुसट दिसतात. छापील कागदावर मात्र ती पुसट कडा बहुधा हरवते, याचे मला वाईट वाटते. नागोयाहून जवळच, सुझुका शहरातील शिरोको येथे, कापड रंगवण्याचे कागदी साचे, म्हणजे कातागामी, होतात. त्यांसाठी हातकागदाचे थर तंतूंची दिशा आडवी-उभी बदलत पर्सिमॉन या फळाच्या तुरट रसाने चिकटवतात, म्हणून पाणी लागले तरी साचा वाकडा होत नाही.

पुठ्ठेवाला : विषयांतर करता करता आपण उत्तरच दिलेत! ताई, आजच अस्तर लावा आणि वह्या दोन दिवस जड वजनाखाली ठेवा. उरलेल्या दोन वह्यांसाठी कागद न मोडता हलकेच वाकवून पाहा. ज्या घडीला तो कमी विरोध करतो, ती तंतूंची दिशा. ती वहीच्या कण्याला समांतर ठेवा.

नागोयावासी : शुक्रवार रात्र. आसानोहाच्या दोन्ही सरळ झाल्या. यागासुरीचा एक कोपरा अजून उचललेला आहे, कारण बाण उभे दिसावेत म्हणून मी तो कागद आडवा कापला होता.